टपावरच्या काचा

घर सोडून हिंडायला जायचं आणि जाताना घरच चाकांवर घालून न्यायचं, ही अक्कल पेन्शनीत गेलेल्या इंजिनिअरलाच सुचू शकते. आमच्या लिमयेसाहेबांना ती सुचली. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि हाताला काम नाही म्हणून एक जुनी मॅटॅडोर विकत घेतली. आतल्या सीटा उपटून दोन पलंग बसवले, गॅसची शेगडी ठेवली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले. बाहेर निळ्या रंगात नाव लिहून घेतलं : सूर्यसदन. आणि टपावर एक काच चढवली. काच म्हणजे उन्हावर वीज करणारं पॅनेल. पण नगर जिल्ह्यात मी होतो तेवढ्या दिवसांत एकाही माणसाच्या तोंडून पॅनेल हा शब्द ऐकला नाही. सगळे काचच म्हणायचे. मलाही तेच सोपं पडतं.

मी केवळराम. भंडारा जिल्ह्यातला, तळ्यांच्या मुलखातला. सातवी नापास होऊन शाळा सोडली आणि पुण्यात बॅटरीच्या दुकानात लागलो, त्याला नऊ वर्षं झाली. उस्तादांनी सांगितलं, "साहेबांच्या गाडीवर पंधरा दिवस जा. अजून दोन काचा चढवायच्या आहेत, दुसरी बॅटरी बसवायची आहे. फ्रीज चालला पाहिजे. नाही चालला तर तोंड दाखवू नकोस." उस्ताद हे वाक्य सगळ्यांनाच म्हणतात, बाकीचे हसतात. मी ते गाठोड्यात बांधून घेतो. गावी आई आणि बायको आहे. मी दुकानात नसलो तर दुकानाचं काही अडत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता कोणी विचारेल, नव्या काचा पुण्यातच का नाही बसवल्या? त्या हैदराबादहून ट्रान्सपोर्टनं यायच्या होत्या, त्यांना उशीर झाला. साहेबांनी निघायची तारीख ठरवून टाकलेली. तारीख म्हणजे तारीख, म्हणाले, आणि पार्सल नगरच्या गोदामात वळवलं. म्हणजे जी गोष्ट चालली तर प्रवास होणार, ती गोष्ट घेण्यासाठीच प्रवास सुरू झाला. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

फ्रीज हवा होता काकूंसाठी. काकू म्हणजे साहेबांच्या मंडळी. त्यांना साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. बाटल्या गारव्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर औषधाचं पाणी होतं. एप्रिल महिना, पत्र्याची गाडी. परदेशातल्या मुलानं बॅटरीवर चालणारा एक पेटीएवढा फ्रीज पाठवला होता, पण तो दिवसभराची वीज चार तासांत पिऊन टाकायचा. आणि जायचं होतं पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी. काकूंचे वडील तिथं रेल्वेत होते, काकू चौथीपर्यंत तिथल्या शाळेत शिकल्या. साखरेनं आता नजर उतरत चालली होती. "पूर्ण काळोख व्हायच्या आधी चार दिवस तिथं राहायचंय," एवढंच त्यांचं मागणं. साहेबांची अट एकच : फ्रीज गार राहिला तर जाऊ.

ही वही काकूंनीच मला दिली. म्हणाल्या, लिहीत जा, तुझं अक्षर शाळा सोडलेल्या माणसासारखं नाही. नऊ वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला कोणी चांगलं म्हटलं असेल तर ते हे.

नगरपर्यंत

गाडी साहेब स्वतः चालवत होते. तीसच्या वर काटा नेला तर इंजिन अकाली म्हातारं होतं, असं त्यांचं मत. मागून ट्रक हॉर्न मारून मारून थकायचे आणि शेजारून जाताना आत बघायचे, पडदे बघून तोंड फिरवायचे. साहेब प्रत्येक घाटाच्या डोक्यावर गाडी थांबवून डायरीत उंची लिहायचे. उंची मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. अंदाजानंच लिहायचे, पण ठामपणे.

शिरूरच्या पुढं एका गावात पाण्यासाठी थांबलो, तर पारावरची सगळी पुरुष मंडळी बघता बघता नाहीशी झाली. फक्त एक म्हातारा उरला. त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आपरेशनची गाडी हाय ना ही? माझं काय करता आता, माझं वय झालं." कुटुंबनियोजनाची गाडी वाटली होती त्यांना. साहेबांनी खाली उतरून त्या म्हाताऱ्याला सौरऊर्जा समजावली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डोळं तपासत्यात का?"

नगरला पार्सल मिळालं. दोन काचा, गवतात गुंडाळलेल्या, अख्ख्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. नीट बसल्या तर माझी भाकरी, फुटल्या तर गावची गाडी. त्या दिवसापासून मी त्या पेटीला पाठ टेकून झोपायचो.

नगरला बसवून टाकू, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, आधी हिवरे बाजार. तिथलं पाण्याचं काम बघायचंय.

हिवरे बाजार

आमच्याकडे पावसाळ्यात घरातून बाहेर पडलं की पाय पाण्यात. तळी मोजायला कोणी बसत नाही. इथं डोंगर बोडके, माती भाजलेली, आणि माणसं त्या उतारांवर आडवे चर खणून ठेवतात, पडेल तो थेंब अडवायला. आल्यावर पहिल्यांदा मला हसू आलं. एवढ्या खटाटोपानं अडवायचं काय, तर जे आमच्या अंगणात फुकट सांडतं. मग चराच्या तळाशी ओली माती हाताला लागली, त्या एप्रिलात, आणि हसू गेलं.

साहेबांचं शहाणपण मात्र काही गेलं नाही. ज्यांनी ते चर स्वतःच्या हातांनी खणले त्याच माणसांना उभं करून साहेबांनी पाऊण तास चर कसे खणावेत ते सांगितलं. ती माणसं दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे निघाली होती. किटल्या खाली ठेवून ऐकत राहिली. एकजण शेवटी म्हणाला, "साहेब, बरुबर हाय तुमचं. आता दूध नासंल, जाऊ का?"

पण खरी गोष्ट वेगळीच. आम्ही गावात शिरलो तेव्हा भर दुपार होती. गाडी मोकळ्यावर लावली, काचेला ऊन मिळावं म्हणून. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाप्या आला.

"साहेब, गाडी लिंबाखाली घ्या. हितं पत्रा तापल."

"ह्या गाडीला ऊनच लागतं," मी म्हटलं.

"गाडीला लागत आसंल. बाईंना न्हाई ना लागत?"

असं म्हणून त्यानं लिंबाखाली बांधलेली म्हैस सोडली, उन्हातल्या खुंट्याला नेऊन बांधली आणि तिची जागा झाडून दिली. आमच्याकडे पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतात. सावली कोणी देत नाही, ती सगळ्यांचीच असते. इथं झाड मोजून, म्हणून सावली ही द्यायची वस्तू आहे. स्वतःच्या म्हशीच्या अंगावरची काढून देतात. ती नाकारायची कशी? साहेबांनी गाडी लिंबाखाली घेतली, आणि वर मलाच म्हणाले, "लोक इतकं प्रेमानं देतात, केवळराम." दीड दिवस आम्ही सावलीत होतो. सूर्यावर चालणारी गाडी, सावलीत लावलेली. पुढच्या वाटेवर राहुरीच्या अलीकडंही तेच झालं. चहाच्या टपरीवाल्यानं आपलं बाकडं उचलून बाभळीखाली जागा केली.

जेवण मात्र मी विसरणार नाही. म्हैसवाल्याच्या घरून हुलग्याची शेंगोळी आली, लसणाचा वास मारणारी, वर कच्चं तेल. आमच्या भाताच्या मुलखात हुलगे बैलाला घालतात, असं मी बोलून गेलो. वाढणारी म्हातारी म्हणाली, "मंग बैल लई नशीबवान तुमच्याकडचं." आणि अजून एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये हात घातला तर आत आणि बाहेर सारखंच. काकूंच्या बाटल्या कोमट. त्या म्हातारीनं बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी वाळूत ठेवल्या, वर पाणी शिंपडत राहिली. साहेबांनी थर्मामीटर लावून बघितलं, चालेल म्हणाले. मग गाडीत बसून त्यांनी निकाल दिला.

"राहात्यात नव्या काचा बसवायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत फ्रीज नीट ओढायला लागला नाही, तर तिथूनच पुण्याला मागं. नदीवर ना बर्फ मिळणार ना लाइटचा भरवसा. वाटलं तर मागं फिरायच्या आधी पुणतांबा गाडीतूनच बघून घे."

काकू पडद्याची फुलं चाचपत होत्या. म्हणाल्या, "गाडीतून बघून काच वर करायला मी काय दुष्काळाची पाहणी करणारी मंत्री आहे?"

साहेबांनी गाडीला किल्ली लावली. तेव्हा मला कळलं की ही बाई रडणार नाही, आणि म्हणूनच हे काम चुकून चालणार नाही.

राहाता

राहात्याचा मुलूख वेगळा. कॅनॉलचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा, हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. लोकांच्या बोलण्यात पाण्याच्या पाळीशिवाय दुसरा विषय नाही. शिर्डीच्या रस्त्यावर एक शेड होतं, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणि डायनामो दुरुस्त करणारं. मालक हनीफ मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, मेंदीनं रंगलेली दाढी, चष्म्याची एक काडी दोरीनं बांधलेली. मी मनात म्हटलं, ज्याला चष्मा धड बांधता येत नाही तो आमची काच काय बांधणार.

पुण्याहून आलोय याचा तोरा होता मला. पुण्यात मला कोणी विचारत नाही, ही गोष्ट राहात्यात कोणाला माहीत नव्हती.

मिस्त्रीनं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काचेचा विचारला नाही. विचारलं, "औषद कुटं हाय आत्ता?" मी वाटेत बर्फ भरून घेतलेला डबा दाखवला. त्यानं बाटल्या उचलल्या आणि शेडमागच्या घरात नेल्या. त्याच्या बायकोनं, भाभींनी, फ्रीजच्या दारातली अंडी काढून त्या जागी बाटल्या उभ्या केल्या. साहेब अंड्यांकडे बघत होते. काकूंनी फ्रीजमध्ये हात घालून गारवा बघितला आणि म्हणाल्या, "भाभी, तुमचा फ्रीज छान आहे हो." सुईच्या वेळेला भाभी स्वतः बाटली पदरात धरून गाडीपर्यंत आणायच्या, ऊन लागू नये म्हणून.

काम सुरू झालं. लोखंडी पट्ट्यांची चौकट वेल्डिंग करून टपावर बसवली, तिन्ही काचा ओळीनं. साहेबांनी पुण्याहून वायर आणली होती, स्वतः निवडून. मिस्त्रीनं ती दोन बोटांत धरली.

"साहेब, ह्या वायरनं दारावरची बेल वाजंल."

"जाडी दोन पॉइंट पाच आहे तिची," साहेब म्हणाले.

"व्हय. बेल चांगली वाजंल."

मग त्यानं ट्रॅक्टरची जाड वायर काढली. खरं तर हे मलाही माहीत होतं. साहेबांना तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी आणलेलीच वायर बसवायला मी निघालो होतो. मिस्त्री बोलला म्हणून मला त्याचा राग आला. असं होतं माणसाचं.

चार वाजता जोडणी झाली. फ्रीजशेजारी बसवलेल्या, काचांची वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा पाचाच्या पुढं गेला. उतरत्या उन्हात पाच म्हणजे दुपारी सहा नक्की. काकूंनी टाळी वाजवली. साहेबांनी वेळ आणि आकडा डायरीत लिहिला, खाली सही केली.

आमच्या उस्तादांची एक रीत आहे. नवी वस्तू बसली की तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. दुकानातून त्याशिवाय एकही बॅटरी बाहेर जात नाही. मी मोठा हार आणला, टपावर चढलो, आणि तिन्ही काचांच्या मधोमध तळहाताएवढी स्वस्तिकं काढली. चांगली जाड, उन्हानं जाऊ नयेत अशी. हार तिन्ही काचांवरून आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. साहेब खालून म्हणाले, "ही सगळी अंधश्रद्धा आहे." आणि नारळ फोडायला स्वतः पुढं आले.

हनीफ मिस्त्री खाली उभा होता. डोळ्यांवर हात धरून वर बघत होता. त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं आणि पाने-पकडी गोळा करायला लागला. मला वाटलं, पाना हरवला असेल.

दुसरा दिवस. सकाळपासून ऊन असं की पत्र्यावर पोळी भाजावी. बारा वाजता काटा दोनावर. साडेबाराला दोनावर. फ्रीजमध्ये आतली भिंतसुद्धा गार नाही. साहेब हातात घड्याळ घेऊन स्टुलावर बसले. मी सगळे जोड उघडले, घासले, परत आवळले. बॅटरीची टोकं सोड्यानं धुतली. काटा दोनावर. माझ्या डोळ्यांपुढं उस्तादांचं दुकान होतं आणि त्याचं बंद शटर.

साहेब म्हणाले, "काल पाच होता. रात्रीत काय बिघडलं? कोणी केलं हे काम?"

इथं मी जे बोललो ते लिहायला नको होतं. पण वही काकूंची आहे.

मी म्हणालो, "माझं काम चोख आहे, साहेब. वायर मिस्त्रीनं ओढली. ह्या लोकांचं काम असंच. कशाला आणली गाडी आपण इथं."

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नीट दिसत नाही, पण त्यांनी बघितलं. "केवळराम," एवढंच म्हणाल्या.

मग माझी नजर खाली गेली. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, ग्रीस लागलेल्या चपला. मिस्त्री खाली पडून बॅटरीचा पट्टा तपासत होता. तो कधी खाली शिरला मला कळलं नव्हतं. पाय हलले नाहीत.

थोड्या वेळानं तो बाहेर आला. फडक्याला हात पुसले. एक वाजून गेला होता.

"तुमी वर चढा," मला म्हणाला. "त्यो हार काढून बघा."

"हाराचा काय संबंध?"

"काढून बघा."

"तुम्हीच काढा की."

"मी हात लावत न्हाई. पूजेचा हाय. तुमी घातला, तुमीच काढा."

मी चढलो. पत्र्यावर गुडघे भाजत होते. काकू आत मीटरला अगदी नाक लावून बसल्या होत्या, म्हणाल्या, मी सांगते काटा. मी हाराची गाठ सोडली आणि तो ओढून खाली भिरकावला.

"हलला," काकू म्हणाल्या. "थांब. तीन. तीनच्या पुढं."

मी तसाच बसून राहिलो. मिस्त्री खालून म्हणाला, "आता ते बी पुसा."

शेंदराचं स्वस्तिक. त्याला हात लावायला माझा हात धजेना. ज्या बाईसाठी शुभ म्हणून काढलं, तिच्याच औषधासाठी ते पुसायचं. काही झालं तर? माझं असंच आहे, चांगल्या गोष्टीतही आधी वाईट दिसतं.

"काय झालं रे?" काकूंनी विचारलं.

"स्वस्तिक पुसायचं म्हणतात, काकू."

आतून उत्तर यायला उशीर लागला नाही. "पूस. देवाला सावली चालते. काचेला चालत नाही."

मिस्त्रीनं रॉकेलचं फडकं वर फेकलं. मी पहिलं पुसलं. "चार," काकू म्हणाल्या. दुसरं. "पाच." तिसरं जास्त जाड होतं, नखानं खरवडावं लागलं.

"केवळराम, सहा आहे की माझे डोळे?"

मिस्त्री आत वाकला. "सहा हाय, काकू. डोळं बरुबर हायत."

साहेबांना पटेना. एवढीशी फुलं, एवढासा शेंदूर, काचेचा दहावा भाग झाकला नसेल. मग मिस्त्रीनं मला पुढच्या काचेवर नुसता तळहात ठेवायला सांगितला. मी ठेवला, काटा पडला. उचलला, चढला. तो म्हणाला, "दिवाळीची लाइटची माळ असती ना, एक दिवा गेला की सगळी माळ गेली. ह्या काचंतल्या काळ्या चकत्या तशाच एका माळंत ववल्यात. एकीवर सावली आली की बाकीच्या बसल्या गप. मागं डोंगरावरच्या पोलिसांच्या वायरलेसच्या काचंवर घारीनं घाण केली हुती. आठ दिवस मी वायरी तपाशीत बसलो. मंग एका पावसानं धुतलं आन चालू."

दिवाळीला आमच्या दुकानात अशा माळाही असतात, नऊ वर्षं मी त्या विकतोय. एक दिवा गेला की माळ जाते, हे मी गिऱ्हाइकांना दर वर्षी सांगतो. आणि साहेब, ज्यांनी अख्खे कॅनॉल बांधले. आम्ही दोघं शहाणे एका झेंडूच्या हाराखाली दोन वाजायची वाट बघत बसलो होतो.

साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं तर काल का नाही सांगितलंत?"

"अंदाज हुता, साहेब. पर काल पूजा चालली हुती." तो फडक्याची घडी करत होता. "मी म्हनलो असतो, हार काढा, शेंदूर पुसा. दिवस कसं हायत तुमी बघताच. तर ह्यांनी काय म्हनलं असतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मी काय म्हटलं असतं ते मी तासाभरापूर्वी म्हणून मोकळा झालो होतो.

फ्रीज चार वाजेपर्यंत असा गार झाला की आतल्या भिंतीला दव धरलं. भाभींनी बाटल्या आणून स्वतः आत ठेवल्या. निघताना मिस्त्रीनं वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा माझ्या हातात दिला.

"तुमचा हार. तुमी वरनं टाकला, हितं सगळं ऑइल सांडलेलं, पायाखाली आला असता. पुणतांब्याला जाताच हायसा, गोदावरीत सोडा. मी कुटं सोडू हे?"

मला काहीतरी बोलायचं होतं. शब्द जुळवत होतो तोवर साहेबांनी गाडी चालू केली.

"येतो, हनीफभाई," एवढंच निघालं.

"या," तो म्हणाला.

पुणतांबा

गाव नदीकाठचं, जुन्या देवळांचं. घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, पण एप्रिलात नदी पायऱ्यांना लागत नाही. मधे मधे डोह, बाकी वाळू आणि गोटे. गोदावरी म्हणून आमच्याकडे जे ऐकलं होतं त्याच्यापुढं हे आमच्या गावच्या ओढ्याएवढं. काकूंना मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आटली तरी ती गोदावरीच. तू माझ्याकडं बघ ना."

घाटाजवळ मोठा वड होता. गाडी दिसताच दोन शेतकरी धावत आले. "गाडी वडाखाली घ्या साहेब, लई ऊन हाय." या वेळी साहेबांनी हात जोडले आणि गाडी मोकळ्या वाळूवर उन्हात लावली. आम्ही तिघं वडाखाली सतरंजी टाकून बसलो. गाव चार दिवस हा तमाशा बघत होतं. माणसं सावलीत, गाडी उन्हात. एक बाई काकूंना हळूच म्हणाली, "मालक जरा सटकल्यालं हायत का वो?" काकू म्हणाल्या, "जरा नाही." साहेबांनी ऐकलं, आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

काकूंनी स्टेशन बघितलं, म्हणजे फलाटाच्या दगडाला हात लावून बसल्या आणि कुठली गाडी आली ते आवाजावरून ओळखत राहिल्या. शाळेची खोली पाडून नवी बांधली होती, ती त्यांना आवडली नाही. जुनी खिडकी कुठल्या भिंतीला होती यावरून तिथल्या मास्तरांशी वादही घातला. रोज सकाळी घाटावर जायच्या, पायऱ्या मोजत. चौतीस आहेत म्हणायच्या. मी मोजल्या तर छत्तीस भरल्या. सांगितलं नाही. दिवसातून दोनदा त्या फ्रीजमधून बाटली काढायच्या, गालाला लावायच्या आणि मग सुई भरायच्या.

काटा चारही दिवस दुपारी सहावर. रोज सकाळी मी टपावर चढून काचा ओल्या फडक्यानं पुसत होतो. शेंदराचा केशरी डाग मधल्या काचेच्या कडेला राहिला होता, तो काही निघाला नाही.

पुडा मात्र माझ्या पिशवीतच. रोज म्हणायचो, आज सोडू. मग वाटायचं, जाताना राहात्यावरून जाऊ, हनीफभाईला आधी भेटू, जे बोलायचं राहिलं ते बोलू, मग सोडू. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, परत जाताना संगमनेरवरून जाऊ, तिकडचा घाट बघायचाय, उंची लिहायचीय. राहाता वाटेत नव्हतं.

तेव्हा मी शेवटच्या सकाळी काकूंबरोबर खाली डोहापर्यंत गेलो. पुडा उघडला. फुलं वाळून तांबूस झाली होती, पण दोरा अख्खा होता. कुठंही तेलाचा डाग नव्हता. त्यानं एकेक फूल पुसलं असावं, किंवा हार खाली पडल्या पडल्याच उचलला असावा. हार पाण्यावर ठेवला. पाण्याला ओढ नव्हती. हार हलला नाही, तिथंच काठाशी तरंगत राहिला.

"कुणाचा रे हार?" काकूंनी विचारलं. त्यांना पाण्यावर नुसतं काहीतरी तांबूस दिसत असणार.

"हनीफभाईंचा," मी म्हणालो.

काकूंनी हात जोडले. मग मीही जोडले.